ॲट द रेट गोखले

सध्या भाचा आमच्याकडे मुक्कामाला आहे. सकाळी चहा-पोहे झाले की तो लॅपटॉप उघडून बसतो, आणि काय चाललंय असं विचारलं की म्हणतो, "साइटचं काम." बायकोने शेजारी सांगून टाकलं की मुलाला बांधकामाच्या साइटवर चांगली नोकरी आहे, फक्त ती घरून करायची असते. त्यावर शेजारच्या काकूंनी त्याला गॅलरीतली गळती बघायला बोलावलं. तो गेला, गळतीकडे बघून गंभीरपणे मान हलवून आला आणि मला म्हणाला, "मामा, मी सिव्हिलवाला आहे हे त्यांना कोणी सांगितलं?"

संदर्भ न देता केलेलं विधान किती लांब जातं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कारण भाच्याची 'साइट' हीच आहे: प्रबंधात संदर्भ कसा द्यायचा. मूळचा तो कॉम्प्युटर इंजिनीअर. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून मराठी नियतकालिकांच्या इतिहासावर पीएच.डी. करू लागला. घरच्यांनी ते सहन केलं. पण तो प्रबंध वर्डमध्ये लिहीत नाही, 'साध्या मजकुरात' लिहितो, हे कळल्यावर मात्र माझ्या बहिणीने मला फोन करून सांगितलं, "तू जरा बघ त्याच्याकडे. तुझं ऐकेल तो."

मी छापखान्यात तीस वर्षं मुद्रितशोधक होतो. काना, मात्रा, वेलांटी, ऱ्हस्व-दीर्घ यांच्याशी माझा संसार झालेला. भाच्याच्या खांद्यावरून मी पहिल्यांदा पडद्यात डोकावलो तेव्हा ठळक अक्षर नाही, समास नाही, काही नाही; नुसता मजकूर, आणि वाक्याच्या शेवटी हे: [साइट:@गोखले१९८५ पृ. ३३]. (प्रत्यक्षात यातली बरीच अक्षरं रोमन असतात. मी इथे त्यांना धोतर नेसवलंय.) ते मधलं चिन्ह मी ओळखलं. आपण त्याला ॲट द रेट म्हणतो. वाण्याच्या बिलात 'साखर ५ किलो @ ४२' असं असतं. तिथे @ च्या पुढे पैसे येतात. इथे गोखले आले होते.

"हे असं छापणार?"

"नाही रे मामा. हे फक्त सांगून ठेवायचं. एक्स्पोर्ट करताना मशीन त्याचं जे हवं ते करतं. सरांना कंसात हवं तर 'गोखले, १९८५, पृ. ३३'. तळटीप हवी तर तळटीप."

मला एक्स्पोर्ट म्हटलं की देवगडचा हापूस आठवतो: चांगला तेवढा बाहेर, डागी घरात. पण त्याच्या सरांचं ऐकल्यावर पोराची बाजू पटली. सरांना पहिल्या वर्षी तळटीपा हव्या होत्या. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाचं परिपत्रक आलं, तेव्हा कंसात हवं झालं. या वर्षी सर म्हणाले, "कंस आहेत ते बरं आहे, पण मला व्यक्तिशः तळटीपा आवडतात."

शिवाय तळटीपांनी मला जे छळलंय ते मी विसरलेलो नाही. आपल्याकडे प्रबंधात 'तत्रैव' नावाचा एक शब्द असतो. वरच्याच टीपेतलं पुस्तक, असा त्याचा अर्थ. दिसायला सोवळा, वागायला घातकी. एकदा एका प्रबंधाची शेवटची प्रुफं आली होती. टीप ४१ मध्ये एका अभंगगाथेचा उल्लेख, ४२ ते ४७ सगळीकडे 'तत्रैव'. लेखकाने आयत्या वेळी मध्ये एक टीप घुसवली, सहकारी साखर कारखान्यांच्या अहवालाची. क्रमांक आम्ही बदलले. 'तत्रैव' तसंच राहिलं. परिणामी सहा अभंग साखर कारखान्याच्या अहवालात छापले गेले असल्याचं त्या ग्रंथात कायमचं नोंदलं गेलं. कोणी पत्र पाठवलं नाही. वाचलंच नसावं, किंवा शक्य वाटलं असावं.

भाच्याच्या पद्धतीत 'तत्रैव' कोणी लिहायचंच नाही. दर वेळी पुस्तकाचं टोपणनाव लिहायचं आणि 'वरचंच' आहे की नाही ते यंत्राने बघायचं. हे ऐकून मी त्याला आणखी एक कप चहा करून दिला.

मग मी हे प्रकरण नीट समजून घ्यायला लागलो, आणि लक्षात आलं की एका चौकोनी कंसासाठी जगातली शहाणी माणसं अनेक वर्षं भांडली आहेत. सुरुवात साधी होती. १९८५ मध्ये ओरेन पटाश्निक यांनी बिबटेक नावाची व्यवस्था केली. पुस्तकांची माहिती एका फाइलमध्ये, प्रत्येकाला एक टोपणनाव, आणि मजकुरात 'साइट' एवढी एकच आज्ञा. मग लोकांच्या लक्षात आलं की एका आज्ञेने भागत नाही. कधी नाव कंसाबाहेर हवं, कधी नुसतं साल, कधी नुसतं नाव. पॅट्रिक डेली यांच्या नॅटबिबमध्ये साइटटी, साइटपी, साइटऑथर, साइटइयर असं गोत्र वाढलं. तिथे 'डेल्ला रोबिया' अशा आडनावाने वाक्य सुरू झालं तर 'डे' मोठ्या लिपीत यावा, यासाठी वेगळी आज्ञा आहे! आपल्या लिपीला थोरली-धाकटी अक्षरं नाहीत, त्यामुळे ही एक फौज तरी आपल्यावर चालून येत नाही.

भाचा हा साधा मजकूर ज्यात लिहितो ते ऑर्ग मोड. ॲमस्टरडॅमचे खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये ते सुरू केलं. त्यात याद्या, तक्ते, वेळापत्रकं, सगळं आलं. संदर्भाची स्वतःची अधिकृत रचना मात्र आली २०२१ मध्ये, ९.५ या आवृत्तीत. म्हणजे पोर मतदानाच्या वयाचं झालं तेव्हा बारसं. तोवर लोक थांबले होते असं नाही. कार्नेगी मेलनचे रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक जॉन किचिन यांनी ऑर्ग-रेफ नावाची सोय करून दिली होती आणि पुष्कळांचे प्रबंध तिच्यावर पार पडले. बर्कलेचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांच्या पॅनडॉकमध्ये तर [@गोखले१९८५] एवढ्यावर काम होत होतं. एक खगोलवाला, एक रसायनवाला, एक तत्त्वज्ञानवाला. संदर्भ-शैलींची सीएसएल ही भाषा ज्यांच्यापासून सुरू झाली ते ब्रूस डार्कस भूगोलाचे. संगणकशास्त्राची माणसं होतीच, पण ज्याला स्वतःला टीपा लिहाव्या लागतात तोच यात पडतो, असं दिसतं.

एवढं भांडण कशाचं, असं वाटेल. मलाही वाटलं. मग आमच्या पुतणीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर आठवला. त्यात मोजून दोनशे शब्द होते आणि चार रविवार गेले. कोणाचं नाव आधी, कोणामागे 'कै.', कोणापुढे 'राव', कोणाला नुसतं 'आणि समस्त परिवार'मध्ये ढकलायचं. इंग्रजी संशोधनात या समस्त परिवाराला 'एट अल' म्हणतात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या एपीए शैलीच्या सातव्या आवृत्तीत नियम आहे: तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्याचं नाव, बाकी समस्त परिवार. हा नियम निष्ठुर वाटत असेल तर २०१५ चा हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा निबंध बघावा. लेखक ५,१५४. एकूण ३३ पानं, त्यात निबंध ९ पानांचा आणि २४ पानं नावांची व संस्थांची. यापुढे आमची पत्रिका म्हणजे संयमाचा नमुना. पण त्या ५,१५४ मधल्या दुसऱ्या लेखकाचं मन मी जाणतो. नवरदेवाचा सख्खा काका असतो तो.

तर ऑर्गवाल्यांनी शेवटी ठरवलं ते असं. चौकोनी कंस, 'साइट', मग तिरकी रेघ मारून कसं हवं त्याचं एखादं अक्षर, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग आधी म्हणायचे शब्द, मग @ लावून टोपणनाव, मग नंतर म्हणायचे शब्द. दुसरं पुस्तक असेल तर अर्धविराम देऊन पुन्हा तेच. 'पाहा' आधी येतं, 'पृ. ३३' नंतर. भाचा हे फळ्यावर लिहावं तसं समजावत होता आणि मला सारखं वाटत होतं, हे आपण आधी कुठेतरी ऐकलंय.

बायको पोळ्या करता करता म्हणाली, "उखाणाच की हा."

अगदी बरोबर. आधी इकडचे-तिकडचे शब्द, मध्ये रावांचं नाव, मग शेवटी यमक जुळवायला आणखी शब्द. नाव एवढंच खरं कामाचं. बाकीचं त्याला आधार. आणि या रचनेत 'नो-ऑथर' म्हणून जो प्रकार आहे तोही घराघरात होता. नाव वाक्यात आधी येऊन गेलंय म्हणून कंसात पुन्हा नको, नुसतं साल पुरे, तेव्हा तो वापरतात. पॅनडॉकमध्ये @ च्या आधी नुसती छोटी आडवी रेघ मारली की लेखक गप्प. आमच्या आईने हयातभर वडिलांचा उल्लेख याच पद्धतीने केला. 'हे म्हणाले', 'इकडून सांगणं झालं'. कोण म्हणाले ते सगळ्यांना ठाऊक, नाव कधीच नाही.

मराठीत खरी पंचाईत सुरू होते ती नावाला प्रत्यय लागताना. इंग्रजीत गोखले काहीही करोत, त्यांचं रूप बदलत नाही. आपल्याकडे गोखले म्हणाले, पण गोखल्यांनी लिहिलं, गोखल्यांचं मत, गोखल्यांवर टीका. आता यंत्राला सांगितलं की नाव कंसाबाहेर आणि साल कंसात ठेव, तर ते 'गोखले (१९८५)' असं करून देतं. त्याला 'नी' कुठे चिकटवायचा? 'गोखले (१९८५)नी' असं लिहिलं तर सालानेच काहीतरी केल्यासारखं वाटतं. 'गोखल्यांनी (१९८५)' हवं असेल तर यंत्राला सामान्यरूप शिकवायला हवं, आणि ते माणसांनाही येत नाही. सानेंनी की सान्यांनी, जोशींनी की जोश्यांनी, यावर आमच्या छापखान्यात दोन माणसं वर्षभर बोलत नव्हती.

भाच्याने यावर काय केलं असेल? 'गोखले (१९८५) यांनी'. एकदम मला आमच्या हातून गेलेले शेकडो प्रबंध आठवले. पानापानावर 'यांनी', 'यांच्या मते', 'यांना असे वाटते'. मी तीस वर्षं समजत होतो की विद्वान लोक उगीच आदबशीर लिहितात. ती आदब नव्हे, तो अडॅप्टर आहे. नाव भिंतीतल्या सॉकेटसारखं जसंच्या तसं ठेवायचं आणि 'यांनी'ची पिन खोचायची, की कुठलाही प्रत्यय चालतो. त्यात यंत्राला न कळणारा मानही परस्पर दिला जातो, हा फायदा वेगळा.

नावं तरी सरळ कुठे आहेत? पाश्चात्त्य रचनेत माणूस म्हणजे आडनाव, स्वल्पविराम, बाकीचं. आपण मात्र वाङ्मयात माणसाला आद्याक्षरांनी हाक मारतो. पुलंनी लिहिलं, जीएंना वाटलं, वपुंचं वाक्य. यादीत जाऊन बघावं तर पुलं 'द'मध्ये आणि जीए 'क'मध्ये. आद्याक्षरं काढायचं काम यंत्रावर सोडलं आणि यंत्र नुसतं पहिलं चिन्ह उचलणारं निघालं, तर आणखी मौज. संगणकाच्या लेखी 'पु' हे एक अक्षर नाही. 'प' आणि खालचा उकार ही दोन चिन्हं. उकार तिथेच सांडतो आणि उरतात प. ल. देशपांडे. शिरवाडकरांच्या 'वि'ची वेलांटी आणि 'वा'चा काना गळून व. व. होतात. मुद्रितशोधकाला एवढ्यावरून ताप येतो.

शिरवाडकर म्हटलं की पुढचं दुखणं. नाटकं वि. वा. शिरवाडकरांची, कविता कुसुमाग्रजांच्या. एकच गृहस्थ 'श'मध्ये आणि 'क'मध्ये. गडकरी तर तिप्पट: कविता लिहिताना गोविंदाग्रज, विनोद करताना बाळकराम, नाटकाला मूळ नाव. भाच्याने तिघांना एकत्र आणायचा प्रयत्न केला तर सर म्हणाले, "बाळकराम म्हणून लिहिलंय ना? मग बाळकरामच." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पण कंसात गडकरी टाक." हे 'पण कंसात टाक' जगातल्या कोणत्याही रचनेत बसत नाही.

पदव्यांची गंमत वेगळीच. कोणीतरी माहितीच्या फाइलमध्ये 'लोकमान्य टिळक' असं भरलं होतं. यंत्राने इमानदारीने शेवटचा शब्द आडनाव धरलं, आधीचा पाळण्यातलं नाव, आणि यादीत 'टिळक, ल.' प्रकटले. त्यांच्या वरच 'टिळक, बा. गं.' होतेच. दोघेही केसरीत लिहीत होते, एवढं साम्य पाहून एखादा परदेशी अभ्यासक यांना भाऊ समजायचा.

संतांपाशी मी भाच्याला थांबवलं. तो म्हणाला, सगळ्यांना एकच नियम लावला की गोंधळ होत नाही. म्हटलं, लाव. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत कुलकर्णी. तेव्हा 'कुलकर्णी, ज्ञा. (१२९०)'. समर्थ रामदास 'ठोसर, ना. सू.'. दोघांनी ती यादी पडद्यावर पाहिली. ती चूक होती असं म्हणता येत नव्हतं, आणि तशी ठेवायची छाती दोघांचीही नव्हती. भाच्याने गुपचूप दोघांना आडनावाविना बसवलं.

ज्ञानेश्वरीला पृष्ठ क्रमांकही देत नाहीत. अध्याय आणि ओवी, बस. प्रत कोणतीही असो, ओवी सापडते. ऋग्वेदातही मंडल, सूक्त, ऋचा असे तीन आकडे दिले की झालं. मला वाटतं, मजकुराचाच पत्ता पक्का असणं ही त्या सगळ्या चौकोनी कंसांहून जुनी आणि टिकाऊ युक्ती आहे. सीएसएलच्या माणसांनाही ते ठाऊक असावं. त्यांनी पृष्ठाबरोबर अध्याय, ओळ आणि श्लोक यांनाही जागा ठेवली आहे. आणि मल्लिनाथ तर त्याही पुढचा. कालिदासावर टीका लिहिताना शब्दाचा अर्थ द्यायचा आणि म्हणायचं, 'इत्यमरः'. असं अमरकोश म्हणतो. पृष्ठ नाही, साल नाही, आवृत्ती नाही. 'इति' हा शब्द बंद करणारा कंस, 'अमरः' हे टोपणनाव, आणि पुढचं एक्स्पोर्टचं काम वाचणाऱ्याच्या डोक्यात, कारण त्याने अमरकोश लहानपणी पाठ केलेला. साध्या मजकुराचं याहून साधं रूप मी पाहिलेलं नाही. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "हो, पण ते पाठ करावं लागतं ना."

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो संस्थांनी. बिबटेकच्या नियमाप्रमाणे दोन लेखकांच्या मध्ये इंग्रजी 'अँड' लिहायचं असतं. त्यामुळे 'मिनिस्ट्री ऑफ हेल्थ अँड फॅमिली वेल्फेअर' असं सरळ भरलं की यंत्राला दोन माणसं दिसतात. पहिले श्री. हेल्थ, नाव मिनिस्ट्री. मधलं 'ऑफ' म्हणजे 'व्हॅन गॉग'मधल्या 'व्हॅन'सारखं घराणं. दुसऱ्या श्रीमती वेल्फेअर, नाव फॅमिली. मराठीत 'आणि' असल्यामुळे ही फाळणी होत नाही, पण तेवढ्याने सुटका नाही. 'महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ' याचं यंत्राने केलं 'मंडळ, म. र. स. आ. स.'. सरांनी कच्चा मसुदा चाळताना विचारलं, "हे मंडळ बंगालचे का?"

उपाय आहे. नावाभोवती महिरपी कंसांची आणखी एक जोडी घातली की यंत्र आत डोकावत नाही. भाच्याने एका रात्रीत सगळ्या मंडळांना, समित्यांना आणि मंत्रालयांना दुहेरी कुंपण घातलं.

शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा कामाला लागलो. तो एक्स्पोर्ट करी, मी लाल पेन घेऊन वाची. तळटीपांची आवृत्ती, कंसांची आवृत्ती, मग सरांसाठी दोन्हींची एकेक प्रत, निवडायला. पूर्णविराम टीपेच्या आकड्याआधी की नंतर, यावर अमेरिकनांची एक रीत आणि फ्रेंचांची दुसरी, ऑर्गने दोन्ही लक्षात ठेवल्या आहेत. मराठीची रीत मी त्याला सांगितली आणि त्याने ती बिनतक्रार मानली. भाच्याने आयुष्यात माझं ऐकलं ते एवढंच. प्रबंध बांधून आला. काळं कापड, सोनेरी अक्षरं, चारशे बारा पानं. बहिणीने देवापुढे ठेवला.

दोन दिवसांनी सरांकडून त्यांची प्रत परत आली. मी धडधडत्या छातीने चाळली. कुठे काही नाही. पान २०७ वर मात्र एका ठिकाणी बंद करणारा चौकोनी कंस राहून गेला होता. कंस बंद नसेल तर यंत्र त्याला संदर्भच मानत नाही, जसं आहे तसं छापून मोकळं होतं. माझ्या नजरेतून सुटलं होतं ते. परिच्छेदाच्या शेवटी, सुंदर अक्षरात, '[साइट:@गोखले१९८५'.

सरांनी @ भोवती पेन्सिलीने गोल केला होता आणि समासात एकच शब्द लिहिला होता: "दर?"